सर्व्हरच्या क्वोटेशनमधल्या कोणत्या ओळी ठेवायच्या आणि कोणत्या कापायच्या

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचं सगळं त्याला धरून राहील. तालुक्याच्या गावी तुमच्या पतसंस्थेचं मुख्य कार्यालय, आजूबाजूला पाच शाखा. सगळ्यांचा हिशेब मुख्य कार्यालयातल्या एकाच मशीनवर चालतो. ते आता सात वर्षांचं झालंय आणि बदलायचंय. हातात दोन क्वोटेशन आहेत. एक गावातल्या दुकानाचं: आय-सेव्हन प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, दोन एसएसडी, असेंबल केलेलं मशीन. दुसरं नामांकित कंपनीच्या टॉवर सर्व्हरचं, किंमत जवळपास दुप्पट. त्यात ईसीसी मेमरी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी), रेड कंट्रोलर (एकाहून जास्त डिस्क एकत्र जोडून माहिती सांभाळणारं कार्ड), हॉट-स्वॅप डिस्क (मशीन चालू असताना बदलता येणारी), दोन पॉवर सप्लाय, टीपीएम (कुलुपाच्या किल्ल्या जपणारी चिप) आणि रिमोट मॅनेजमेंटचं, म्हणजे सर्व्हर लांबून सांभाळण्याचं, लायसन्स अशा ओळी आहेत. संचालक विचारतात, आय-सेव्हन जास्त वेगवान असताना दुप्पट पैसे कशाचे? आणि तुम्ही विचारताय, यातल्या कोणत्या ओळी कापता येतील?

वेगापुरतं संचालकांचं म्हणणं बरोबर आहे. सहा ठिकाणची मिळून तीस-चाळीस माणसं काउंटरवर नोंदी करणार, एवढा भार आय-सेव्हन सहज ओढेल. दुसऱ्या क्वोटेशनमधल्या जास्तीच्या पैशांनी पासबुक लवकर छापून येणार नाही. ते पैसे वेगळ्याच प्रश्नासाठी आहेत. रात्री सव्वाबाराला त्या मशीनमध्ये काही बिघडलं, तर ते कळणार कुणाला, किती वेळात, आणि तिथे पोचणार कोण? कोल्हापूर-सांगली भागातल्या पतसंस्था, दूध संघ आणि सूतगिरण्यांचे सर्व्हर मी गेली बावीस वर्षं बसवतोय आणि सांभाळतोय. प्रत्येक क्वोटेशन मी याच तीन प्रश्नांवर घासून बघतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. सर्व्हर जिथे ठेवणार तिथून तुम्ही स्वतः किती लांब राहता? सॉफ्टवेअरवाल्याचा माणूस कुठून येतो? मशीन बंद पडलं तर वही-पावतीवर काम किती तास चालू शकतं? पिग्मी एजंट संध्याकाळी आपली मशीनं जोडतात आणि मग डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद, होतो. ही साखळी एक दिवस तुटली तर दुसऱ्या दिवशी काउंटरवर किती गोंधळ होतो, हे तुम्हीच सांगू शकाल. सर्व्हर तुमच्या घराखालच्या मजल्यावर असेल आणि अर्धा दिवस बंद राहिलेला चालणार असेल, तर माझं उत्तर थोडं मवाळ होईल. तुमच्या लिहिण्यावरून मात्र तुम्ही पस्तीस किलोमीटर लांब राहता आणि संध्याकाळनंतर तिथे फक्त वॉचमन असतो, असं दिसतं. पुढचं सगळं तसं धरूनच लिहितो.

पहिली ओळ ईसीसी मेमरीची. क्वोटेशनमधून सगळ्यात आधी हीच कापली जाते, कारण तिचा उपयोग डोळ्यांना दिसत नाही. माझ्या मते ही ओळ शेवटपर्यंत राहिली पाहिजे.

मेमरीत प्रत्येक आकडा शून्य आणि एक यांच्या रांगेत साठवलेला असतो. चिपमधला अगदी बारीक विद्युतभार म्हणजे एक बिट. तो कधीकधी आपोआप उलटतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंटेलच्या संशोधकांना आढळलं की चिपच्या आवरणातल्या अत्यल्प किरणोत्सारी अंशामुळेसुद्धा बिट उलटतात. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे उलटतात, आणि मेमरीची पट्टी म्हातारी झाली की तिच्यातल्या दोषामुळेही उलटतात. एखाद्या फोटोत एक बिट उलटला तर एका ठिपक्याचा रंग किंचित बदलेल. पण ठेवीदाराची शिल्लक मेमरीत असताना बिट उलटला आणि तीच शिल्लक डिस्कवर लिहिली गेली, तर तुमच्याकडे चुकीचा आकडा व्यवस्थित जपून ठेवला जातो. त्या रात्रीच्या बॅकअपमध्येही तो चुकीचाच जातो. मशीन बंद पडत नाही, स्क्रीनवर काही येत नाही. ताळेबंद जुळेनासा झाला की कुणीतरी शोधत बसतं.

ईसीसी मेमरीत डीडीआर-फोरपर्यंत प्रत्येक ६४ बिटांमागे ८ जादा बिट असतात. त्यांच्या हिशेबाने एक बिट उलटला तर तो जागच्या जागी दुरुस्त होतो. दोन उलटले तर निदान ओळखू येतात, आणि चुकीचा आकडा पुढे जाण्याऐवजी मशीन थांबतं. यामागचं गणित बेल लॅब्जमधल्या रिचर्ड हॅमिंग यांचं, १९५० सालचं. शनिवार-रविवारी त्यांचं काम मशीनवर लावलेलं असायचं आणि मशीनला चूक सापडली की ते काम तसंच टाकून पुढचं घ्यायचं. सोमवारी हाती काही लागायचं नाही. मशीनला चूक सापडते, तर ती कुठे आहे हे शोधून त्याने ती दुरुस्त का करू नये, हा त्यांचा प्रश्न होता. रात्रीचा डे-एंड लावून घरी गेलेल्या प्रत्येक माणसाला हा प्रश्न आपलाच वाटेल.

असं खरंच किती वेळा होतं? टोरंटो विद्यापीठ आणि गूगल यांच्या संशोधकांनी २००९ साली गूगलच्या सर्व्हरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरात साधारण एकतृतीयांश मशीनमध्ये दुरुस्त करण्याजोगी निदान एक चूक नोंदली गेली होती, आणि मेमरीच्या पट्ट्यांपैकी आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांत चुका आढळल्या होत्या. चुका सगळीकडे सारख्या पसरलेल्या नव्हत्या. ज्या पट्टीत एकदा चूक झाली तिच्यात पुन्हा होण्याची शक्यता बरीच जास्त होती. म्हणून ईसीसीचा दुसरा उपयोग मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो: कोणत्या खाचेतल्या पट्टीने किती चुका केल्या, याची नोंद सर्व्हर ठेवतो. चार महिन्यांत एकाच पट्टीच्या नोंदी वाढत गेल्या की ती पट्टी मी वॉरंटीत बदलून घेतो. तोवर एकाही हिशेबाला धक्का लागलेला नसतो.

इथे एक फसगत होते. दुकानदार म्हणेल, डीडीआर-फाईव्हमध्ये ईसीसी आतच असतं. त्यात असतं ते चिपच्या पोटातलं ईसीसी. ते चिपच्या आतल्या चुका तिथल्या तिथे सावरतं, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर जे होईल त्याला ते हात लावत नाही आणि सर्व्हरच्या नोंदवहीत काही लिहीत नाही. म्हणून पट्टी ईसीसी आहे का, आणि मदरबोर्ड व प्रोसेसर ते चालवतात का, असे दोन्ही प्रश्न विचारा. काही आय-सेव्हन प्रोसेसर ईसीसी चालवतात, पण त्यांना त्यासाठीचा वर्कस्टेशन चिपसेट असलेला बोर्ड लागतो. दुकानातला साधा बोर्ड चालत नाही.

आता डिस्क. तुमचा डेटाबेस काही शे जीबीच्या पुढे जाणार नाही, तेव्हा दोन सर्व्हर-दर्जाच्या एसएसडी रेड वनमध्ये, म्हणजे एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर, एवढं पुरे. व्हेंडर तीन मोठ्या हार्ड डिस्कचं रेड फाईव्ह (माहिती तिन्हींवर वाटलेली, एक गेली तरी उरलेल्या दोन्हींवरून ती पुन्हा रचता येते) सुचवत असेल तर घेऊ नका. कारण साध्या हिशेबात सांगतो. चार टीबीच्या तीन डिस्क आहेत आणि एक गेली. नवी बसवल्यावर तिच्यावर माहिती पुन्हा रचायला उरलेल्या दोन्ही डिस्क पहिल्या बिटापासून शेवटच्या बिटापर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे आठ टीबी. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात दर साडेबारा टीबी वाचनामागे एक न वाचता येणारी जागा, अशी मर्यादा दिलेली असते. प्रत्यक्षात डिस्क बहुतेक वेळा यापेक्षा बऱ्या वागतात. तरी सगळ्यात नाजूक वेळी उरलेल्या डिस्कवर एवढा ताण कशाला टाकायचा? शिवाय ही रचना बरेच तास चालते आणि तेवढा वेळ तुमच्याकडे जादा डिस्क नसते.

सर्व्हर-दर्जाची डिस्क म्हणजे नुसती महाग डिस्क नव्हे. घरगुती हार्ड डिस्कला एखादी जागा वाचता आली नाही की ती मिनिट-मिनिटभर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते. तिच्यावरच सगळा डेटा असतो, म्हणून घरी ते बरोबरच आहे. रेड कंट्रोलर मात्र एवढं थांबत नाही, तो डिस्क मेली असं समजून तिला बाहेर काढतो. सर्व्हरच्या डिस्क साधारण सात सेकंदांत हात टेकतात आणि कंट्रोलरला सांगतात की ही जागा तू दुसरीकडून घे. एसएसडीच्या बाबतीत विचारायचं ते वेगळं: वीज गेल्यावर हातातलं लिखाण पुरं करण्याइतके कपॅसिटर आत आहेत का? आपल्याकडची वीज कशी येते-जाते हे तुम्हाला सांगायला नको. हा गुण नसलेल्या एसएसडीवर मी डेटाबेस ठेवत नाही.

एका सूतगिरणीतली गोष्ट सांगतो. सर्व्हर चांगला होता, तीन डिस्कचं रेड होतं, पुढून ओढून काढता येणाऱ्या डिस्क होत्या. पहिली डिस्क गेली तेव्हा काम थांबलं नाही आणि म्हणूनच कुणाला कळलं नाही. सर्व्हर कपाटाच्या आड, पुढचं झाकण कुलूपबंद, आत केशरी दिवा लुकलुकतोय. दुसरी डिस्क गेली तेव्हा मला बोलावणं आलं. लॉग उघडून पाहिला तर पहिली डिस्क पाच महिन्यांपूर्वी गेलेली होती. पाच महिने ते मशीन सांगत होतं आणि त्याचं ऐकायला कुणी जोडलेलंच नव्हतं. शेवटचा चांगला बॅकअप अकरा दिवसांपूर्वीचा होता. तीन कारकुनांनी गेटपास आणि वजनकाट्याच्या पावत्या समोर घेऊन अकरा दिवसांच्या नोंदी हाताने पुन्हा घातल्या. त्या तिघांचे चेहरे मला अजून आठवतात. तेव्हापासून डिस्क गेल्याचा ईमेल मोबाईलवर येताना मी स्वतःच्या डोळ्यांनी बघत नाही, तोवर काम पुरं झालं असं म्हणत नाही.

रेड असलं तरी बॅकअप लागतोच. चुकून पुसलेली नोंद दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते, आणि रॅन्समवेअर, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, तेही दोन्ही डिस्क एकदमच कुलूपबंद करतं. रोज रात्रीची एक प्रत अशा ठिकाणी हवी की जिथे सर्व्हरचा ॲडमिन पासवर्ड चालत नाही. एक प्रत दुसऱ्या शाखेत हवी. आणि दर तिमाहीला एकदा ती प्रत दुसऱ्या मशीनवर खरोखर उघडून बघायला हवी.

दोन पॉवर सप्लायबद्दल थोडक्यात. ते ठेवा, पण दोन्हींच्या वायरी एकाच यूपीएसला लावू नका. पाहावं तिथे तसंच दिसतं. सप्लाय जळणं कमी वेळा होतं, यूपीएसची बॅटरी बसणं नेहमीचं आहे. एक वायर एका यूपीएसला, दुसरी दुसऱ्याला. दुसऱ्या यूपीएसचं बजेट नसेल तर दुसरी वायर चांगल्या सर्ज प्रोटेक्टरमधून थेट लाईनला. शिवाय यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडलेली हवी, म्हणजे बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होईल. ही केबल बहुतेक ठिकाणी यूपीएसच्या खोक्यातच पडलेली सापडते.

आता रिमोट मॅनेजमेंट. संचालकांना सगळ्यात जास्त खटकणारी ओळ हीच असणार, कारण तिथे लायसन्स हा शब्द आहे आणि हातात वस्तू काही येत नाही. लांबून संगणक चालवायचं एनीडेस्क फुकट आहे की, असं कुणीतरी म्हणेलच. पण एनीडेस्क विंडोज चालू असेल तरच चालतं. विंडोजच वर येत नसेल तेव्हा काय?

सर्व्हरच्या मदरबोर्डवर एक वेगळा छोटा संगणक असतो, त्याला बीएमसी म्हणतात. त्याचा स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी आणि बहुधा स्वतःचं नेटवर्क पोर्ट असतं. सर्व्हर बंद असला तरी वायर लावलेली आहे तोवर तो जागा असतो. एचपीई त्याला आयएलओ म्हणते, डेल आयड्रॅक म्हणते, लेनोवो एक्सक्लॅरिटी कंट्रोलर म्हणते. काम तेच. त्याच्यातून घरबसल्या सर्व्हर चालू-बंद करता येतो, पंखे आणि तापमान बघता येतं, बिघाडाची नोंदवही वाचता येते. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सर्व्हरचा स्क्रीन अगदी पहिल्या काळ्या पडद्यापासून दिसतो आणि कीबोर्ड तुमच्या हातात असतो. तुमच्या लॅपटॉपवरची विंडोजची आयएसओ फाइल त्या सर्व्हरमध्ये घातलेल्या डीव्हीडीसारखी जोडताही येते.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आमच्या भागात कुणी विसरणार नाही. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस कोल्हापुराबाहेर पडता येत नव्हतं. माझ्याकडे सांभाळायला असलेला एका संस्थेचा सर्व्हर कराडच्या बाजूला होता. तिथे पाणी नव्हतं, पण लाईन चार दिवस गेलेली. पाचव्या दिवशी वॉचमनकाकांनी जनरेटर लावला. इंटरनेट आलं, बीएमसी जागा झाला, पण सर्व्हर काही वर येईना. मी स्क्रीन उघडला तर रेड कार्डची बॅटरी चार दिवसांत पूर्ण उतरलेली, आणि कार्ड इंग्रजीत विचारत थांबलेलं की पुढे जायचं असेल तर बटण दाबा. एवढंच. एक बटण. रिमोट कन्सोल नसता तर ते बटण दाबायला तिथे माणूस पोचायलाच आणखी तीन-चार दिवस गेले असते. पुरात अडकलेल्या लोकांना त्या आठवड्यात आपल्या ठेवीतले पैसे हवे होते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोन शाखांनी पैसे दिले.

लायसन्सबद्दल नीट विचारून घ्या. काही कंपन्यांत मूळ किमतीत चालू-बंद करणं आणि तापमान बघणं एवढंच येतं. स्क्रीन एकतर दिसतच नाही किंवा ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होईपर्यंतच दिसतो. पूर्ण कन्सोल आणि फाइल जोडण्याची सोय वरच्या लायसन्समध्ये असते. तुम्हाला ते वरचंच हवं, पण त्याच्याही वरचं, शेकडो सर्व्हर असलेल्या डेटा सेंटरसाठी केलेलं लायसन्स नको. शिवाय बीएमसीसाठी वेगळं नेटवर्क पोर्ट आहे का, तेही बघा. काही छोट्या मॉडेलमध्ये ते जादा पैसे देऊन बसवावं लागतं.

आता याच सोयीची दुसरी बाजू. ही चूक मी फार ठिकाणी पाहिली आहे, म्हणून जरा कडक शब्दांत लिहितो. ज्याच्या हातात बीएमसी, त्याच्या हातात सर्व्हर. विंडोजचा पासवर्ड, अँटिव्हायरस, फायरवॉल हे सगळं बीएमसीच्या वर चालतं, खाली काय होतंय ते त्यांना दिसत नाही. आणि बीएमसीही अखेर एक संगणकच, त्यालाही भोकं असतात. बीएमसीशी नेटवर्कवरून बोलायची आयपीएमआय नावाची जुनी पद्धत इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी १९९८ मध्ये आणली. तिच्या दुसऱ्या आवृत्तीतला दोष २०१३ मध्ये चव्हाट्यावर आला: खातं कोणाचं हे नुसतं सांगितलं की पासवर्ड तपासण्याआधीच सर्व्हर त्या पासवर्डपासून बनवलेला हॅश, म्हणजे त्याचं सांकेतिक रूप, समोरच्याला देऊन टाकतो. मग तो हॅश घरी नेऊन निवांत फोडता येतो. दोष त्या पद्धतीच्या आराखड्यातच आहे, त्यामुळे अपडेटने तो जात नाही. एचपीईच्या आयएलओ-फोरमध्ये २०१७ साली सापडलेला दोष तर असा होता की विनंतीच्या एका रकान्यात इंग्रजी ए हे अक्षर २९ वेळा लिहिलं की पासवर्ड न विचारता आत प्रवेश. तो दुरुस्त झाला, पण ज्यांनी फर्मवेअर (बीएमसीच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं त्यांच्यापुरता. आणि २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, सीसाने, अनेक कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये वापरल्या जाणाऱ्या एएमआयच्या मेगारॅक या बीएमसी सॉफ्टवेअरमधला दोष प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरला जात असल्याचं जाहीर केलं.

म्हणून घरून बघता यावं यासाठी राऊटरवर पोर्ट उघडून बीएमसी थेट इंटरनेटवर ठेवू नका. व्हेंडरचा मुलगा सोय म्हणून तसं करून देईल, त्याला प्रेमाने पण ठामपणे नाही म्हणा. आधी व्हीपीएन (इंटरनेटमधून जाणारी कुलूपबंद खासगी वाट), व्हीपीएनच्या आत बीएमसी, हीच वाट. बीएमसीचं पोर्ट काउंटरच्या संगणकांच्या नेटवर्कमध्येही नको. मॅनेज्ड स्विचवर त्याच्यासाठी वेगळं व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवरचं अलग नेटवर्क, करा, म्हणजे एखाद्या कारकुनाच्या मशीनमध्ये व्हायरस शिरला तरी त्याला बीएमसी दिसणार नाही. नेटवर्कवरून आयपीएमआय हा पर्याय बीएमसीच्या सेटिंगमध्ये बंद करता येतो, तो बंद ठेवा. ब्राउझरवाला मार्ग आणि २०१५ पासूनची रेडफिश पद्धत तुम्हाला पुरेशी आहे.

पासवर्डचंही तसंच. एकेकाळी डेलच्या प्रत्येक आयड्रॅकचा मूळ पासवर्ड एकच असायचा, सुपरमायक्रोचाही एकच, आणि तो सगळ्या जगाला ठाऊक होता. १ जानेवारी २०२० पासून कॅलिफोर्नियात अशा एकसारख्या पासवर्डांवर कायद्याने बंदी आली, आणि आता पासवर्ड प्रत्येक सर्व्हरच्या लेबलवर वेगळा छापलेला येतो. पण जुना सर्व्हर वापरात ठेवणार असाल तर आजच तपासा. आणि एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) एका व्हेंडरकडून दुसऱ्याकडे गेली की त्याच दिवशी हा पासवर्ड बदला. विंडोजचा पासवर्ड सगळे बदलतात, बीएमसीचा कुणाला आठवत नाही.

एक बारीकशी गोष्ट: बीएमसीचं घड्याळ लावून घ्या. पुष्कळ बीएमसी नोंदी यूटीसीत (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) ठेवतात, त्यामुळे १८:४५ ला डिस्क गेली असं दिसतं आणि सगळे संध्याकाळच्या भारनियमनाला दोष देतात. खरं तर तेव्हा आपल्याकडे रात्रीचे सव्वाबारा वाजलेले असतात आणि बॅकअप चालू असतो. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवून ठेवायला, लॉग १८० दिवस जपायला आणि सायबर घटना सहा तासांत कळवायला सांगितलं आहे. घड्याळच चुकलेलं असेल तर ते लॉग दाखवून काही सिद्ध होत नाही.

सुरक्षेच्या उरलेल्या ओळी म्हणजे टीपीएम आणि सिक्युअर बूट. टीपीएम हल्ली जवळपास सोबतच येतो, ठेवा. त्याच्या आधाराने बिटलॉकर, म्हणजे विंडोजमधलं डिस्क कुलूपबंद करण्याचं साधन, चालू केलं की कुणी डिस्क काढून नेली किंवा खराब डिस्क वॉरंटीत परत गेली, तरी ठेवीदारांची माहिती त्याला वाचता येणार नाही. सिक्युअर बूट चालू ठेवा, त्यामुळे विंडोजच्या आधी दुसरं काही घुसून सुरू होत नाही. पण यातलं काहीही रॅन्समवेअरला अडवत नाही, कारण ते विंडोज चालू झाल्यावर, ईमेलमधून आत येतं. संचालकांना तसं स्पष्ट सांगा.

आणि बिटलॉकर चालू करण्याआधी एवढं करा: ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर छापून संस्थेच्या तिजोरीत ठेवा. मदरबोर्ड वॉरंटीत बदलला की टीपीएमही बदलतो, आणि विंडोज ती की मागतं. कधीकधी बायोस अपडेटनंतरही मागतं, म्हणून अपडेटच्या आधी बिटलॉकर तात्पुरतं थांबवतात. ती की सर्व्हरच्याच डेस्कटॉपवर एका फाइलमध्ये ठेवलेली मी पाहिली आहे. म्हणजे किल्ली तिजोरीच्या आत आणि तिजोरी बंद.

तर मग कापायचं काय? प्रोसेसर एक पायरी खाली आणा, तुम्हाला एवढे कोअर लागणार नाहीत. शिवाय डेटाबेससाठी एसक्यूएल सर्व्हरचं लायसन्स कोअरच्या हिशेबाने घेत असाल तर तिथेही पैसे वाचतात. तिसरी आणि चौथी डिस्क काढून टाका. दहा गिगाबिटचं नेटवर्क कार्ड लिहिलेलं दिसतंय, तुमच्या शाखा ज्या लाईनवर जोडलेल्या आहेत तिला त्याचा काही उपयोग नाही. हे सगळं कापूनही पैसे जमत नसतील तर दुसरा पॉवर सप्लाय सध्या सोडा, पण त्याची जागा रिकामी असलेलं मॉडेल घ्या, पुढच्या वर्षी बसवता येईल. ईसीसी, रेड वन आणि पूर्ण कन्सोलचं लायसन्स यांना हात लावू नका. त्याबरोबर पाच वर्षांची वॉरंटी, माणूस जागेवर येणार अशी लिहून घ्या. तालुक्याच्या गावी दुसऱ्या दिवशी माणूस येतो का, हे व्हेंडरला नुसतं विचारू नका, त्याच भागातल्या दुसऱ्या संस्थेला फोन करून विचारा.

बिल मंजूर करण्याआधी व्हेंडरच्या माणसासमोर तीन चाचण्या करा. डेटा चढवण्याआधी, सर्व्हर चालू असताना, एक डिस्क ओढून काढा: काम चालू राहिलं पाहिजे आणि तुमच्या मोबाईलवर ईमेल आला पाहिजे. एका सप्लायची वायर काढा: पुन्हा तेच. मग सर्व्हर पूर्ण बंद करा, बाहेर रस्त्यावर जा, मोबाईलचं इंटरनेट वापरून व्हीपीएनमधून लॅपटॉपवर सर्व्हरचा स्क्रीन उघडा आणि तिथून तो चालू करून दाखवायला सांगा. यातलं एक जरी झालं नाही तरी सही करू नका. मशीनमध्ये सोय असते, पण ईमेलचा पत्ता भरलेला नसतो, हीच नेहमीची कथा. सहा महिन्यांनी ईमेलचा पासवर्ड बदलला की इशारे गुपचूप बंद पडतात, म्हणून महिन्यातून एकदा बीएमसीतून चाचणीचा ईमेल पाठवून बघायचं काम कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवा.

आणि या सगळ्याच्या आधी एक मोजमाप. सर्व्हर जिथे बसणार आहे त्या सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंगचा खड्डा आधी नीट करून घ्या, नाहीतर दोन्हींपैकी कोणतंही मशीन घेतलं तरी त्याचे बोर्ड जळत राहतील. खोलीचं तापमान उन्हाळ्यातल्या दुपारी तीनला बघा, २७ अंशांच्या आत राहिलं तर उत्तम. गावातला इलेक्ट्रिशियन मीटर घेऊन पाच मिनिटांत व्होल्टेजचा आकडा सांगतो. तो आकडा मला कळवा, मग यूपीएस कोणता घ्यायचा ते ठरवू.